जुना रेंजफाइंडर की नवा? आधी पाया मोजा

2022 मध्ये लायका या जर्मन कंपनीने 1984चा एम6 हा रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतून अंतर मोजून फोकस करणारा कॅमेरा, पुन्हा बाजारात आणला आणि फिल्मवर फोटो काढणाऱ्यांमध्ये जुनाच वाद नव्याने रंगला: रेंजफाइंडर घ्यायचा तर जुना घ्यावा की नवा? या वादात बहुतेक जण धरूनच चालतात की नव्या कॅमेऱ्याचा फोकस जास्त अचूक असणार. तसं नाही. 1954चा लायका एम3 हा 2000 साली आलेल्या फोक्टलेंडर बेसा-आरपेक्षा जवळपास अडीचपट बारकाईने अंतर मोजतो. आणि याचं कारण शाळेतल्या भूमितीत आहे!

हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्या हेच दोन डोळे. एकीतून दृश्य थेट दिसतं. दुसरीतलं दृश्य अर्धपारदर्शक आरशावरून मधल्या उजळ चौकोनात येऊन पडतं. लेन्सची रिंग फिरवली की लेन्समागची कड कॅमेऱ्यातल्या दांडीला ढकलते, दांडी दुसऱ्या खिडकीची प्रतिमा सरकवते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला.

ही चाल किती नाजूक आहे ते पाहा. एम3च्या खिडक्यांमध्ये 68.5 मिमी अंतर आहे. 1 मीटरवरच्या वस्तूसाठी दोन दृष्टिरेषांमधला कोन 3.9 अंश, 10 मीटरवर जेमतेम 0.4 अंश. म्हणजे अनंतापासून 1 मीटरपर्यंतचं सगळं जग चार अंशांच्या आत मावतं. तेवढ्यात 50 मिमीची लेन्स पुढे सरकते फक्त 2.6 मिमी.

खिडक्यांमधलं अंतर म्हणजे पाया. पण डोळ्याला दिसतो तो व्ह्यूफाइंडरने, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीने, लहान केलेला कोन. म्हणून पायाला त्या प्रमाणाने गुणायचं. एम3: 68.5 × 0.91, म्हणजे 62 मिमी. 2005चा झाइस इकॉन: 75 × 0.74, सुमारे 55. एम6चा नेहमीचा 0.72 व्ह्यूफाइंडर: सुमारे 50. बेसा-आर: 37 × 0.68, फक्त 25.

आता हिशेब. डोळ्याला अंशाचा साठावा भाग ओळखता येतो असं धरू. (दोन रेषा जुळवताना डोळा याहून सरस ठरतो, पण कॅमेऱ्यांमधलं प्रमाण तेच राहतं.) 3 मीटरवर एम3ची चूक सुमारे 4 सेंमी, बेसा-आरची 10 सेंमी. 90 मिमी लेन्स एफ/2वर, म्हणजे बरीच उघडी, असेल तर 3 मीटरवर फोकस चुकूनही चित्र स्पष्ट राहण्याची मुभा पुढेमागे मिळून साधारण 13 सेंमी, म्हणजे एका बाजूला साडेसहा. एम3 त्यात बसतो, बेसा-आर बसत नाही. 35 मिमी एफ/2ला मात्र हीच मुभा एका बाजूला 40 सेंमीच्या आसपास जाते. तिथे दोघेही निर्धास्त. म्हणून आधी लेन्स ठरवा. पण एम3च्या व्ह्यूफाइंडरमध्ये 35 मिमी लेन्सला किती दृश्य मावेल हे दाखवणाऱ्या चौकटीच्या रेषा नाहीत, हे विसरू नका.

हा सगळा हिशेब सुस्थितीतल्या कॅमेऱ्याचा. वयाने आरशाचा अर्धपारदर्शक लेप उतरतो आणि चौकोन फिका पडतो. मग पाया कितीही लांब असला तरी जुळवणार काय? एम3च्या व्ह्यूफाइंडरमधल्या प्रिझमचे जोड बाल्सम या पारदर्शक डिंकाचे आहेत. धक्क्याने जोड सुटला की व्ह्यूफाइंडर काळवंडतो. शटरच्या कापडी पडद्याला सूर्य जाळतो, कारण लेन्स आणि पडद्याच्या मध्ये आरसा नसतो आणि लेन्स भिंगासारखं काम करते. लेन्स काढून, मागचं झाकण उघडून, अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावा: छिद्रं ताऱ्यांसारखी चमकतात. 1 सेकंदाचं शटर कानाने तपासा. वंगण घट्ट झालं असेल तर ते रेंगाळतं किंवा अडकतं. कॅनोनेट क्यूएल17 जी-3सारख्या जुन्या कॅमेऱ्यांचा प्रकाश मोजणारा मीटर 1.35 व्होल्टच्या पारा-सेलसाठी बनलेला आहे. त्यात 1.5 व्होल्टचा अल्कलाइन घातला की मीटरला प्रकाश जास्त वाटतो आणि फिल्मवर कमी पडतो.

नव्यांचं दुखणं वेगळं. झाइस इकॉनचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. 1/2000 सेकंद मिळतं, पण बॅटरी संपली की कॅमेरा थांबतो, आणि उत्पादन बंद असल्याने सर्किट गेलं तर सुटा भाग मिळणं कठीण. एम6मध्ये बॅटरी संपली तर फक्त मीटर जातो, शटर चालू राहतं.

‘जुन्या बॉडीत जादू असते, फोटोला आत्मा येतो’ हे ऐकून जास्त पैसे मोजू नका. बॉडी म्हणजे प्रकाशबंद पेटी. ती ‘जादुई चमक’ अनेकदा लेन्सच्या आत साचलेल्या धुक्याची असते. लेन्समागून टॉर्च मारला की ते दिसतं.

घेण्याआधी शेवटची चाचणी. लेन्स अनंतावर ठेवून चंद्राकडे पाहा. दोन चंद्र शेजारी-शेजारी दिसले तर अंतराची जुळणी बिघडली आहे, एक वर आणि एक खाली दिसला तर उभी जुळणी. दोन्ही दुरुस्त होतात. मग 1 मीटरवर तिरकी पट्टी ठेवून, लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडून तिच्या मधल्या आकड्यावर फोकस करा आणि फिल्म धुऊन बघा. चंद्र जुळतो पण आकडा चुकतो, असं झालं तर दांडीची चाल आणि लेन्सची कड यांचं जमत नाही. त्यासाठी बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्रच कारागिराकडे द्यावी लागतात.