'नो बोन' लिहिलेलं ड्रेसिंग

न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत एखाद्या पेशंटच्या डोक्याच्या ड्रेसिंगवर मार्कर पेननं 'नो बोन' लिहिलेलं दिसतं. त्या जागी कवटी नाही, हात जपून लावा, ही सिस्टरना आणि वॉर्डबॉयना दिलेली सूचना.

कवटी म्हणजे न ताणणारा डबा. मार लागून मेंदू सुजला की आधी मेंदूतलं पाणी कण्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त कवटीबाहेर ढकललं जातं. ही सोय संपली की दाब झपाट्यानं चढतो आणि श्वास चालवणारा मेंदूचा बुंधा चेपला जातो. मग सर्जन एका बाजूचं साधारण 12 बाय 15 सेंटिमीटरचं हाड काढून ठेवतात. डीप फ्रीझरमध्ये, नाहीतर आपल्याकडे बऱ्याचदा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली. नातेवाइकांचा यावर पटकन विश्वास बसत नाही!

पण फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्याही त्याच दाबानं चेपून धरलेल्या असतात. दाब सुटला की कधी डोक्याच्या दुसऱ्याच बाजूला रक्तस्राव सुरू होतो. म्हणून ऑपरेशन होतं न होतं तोच पुन्हा सीटी स्कॅन. फिटची औषधं पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी करतात, महिन्यांनंतरच्या नाही. काहींच्या मेंदूत पाणी साचतं आणि शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, बसवावा लागतो.

औषधांनी दाब न उतरलेल्या 408 पेशंटवरचा एक मोठा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत नुसत्या औषधोपचारांवर 48.9 टक्के दगावले, हाड काढलेल्यांत 26.9. मात्र जिवंत असूनही भान न आलेले 2.1 टक्क्यांवरून 8.5 वर गेले. सहीचा कागद पुढे करताना हा दुसरा आकडाही सांगायला हवा, असं मला वाटतं.

सूज उतरल्यावर आणखी एक गंमत होते, गंमत कसली, त्रासच. हाड नसलेली जागा खोल जाते, बाहेरच्या हवेचा दाब थेट मेंदूवर येतो. सुधारत असलेला माणूस उठून बसला की डोकं दुखतं, चक्कर येते, कधी बरा होत आलेला हात पुन्हा लुळा पडतो. 1939 साली ग्रँट आणि नॉरक्रॉस या डॉक्टरांनी या त्रासाचं वर्णन केलं होतं. हाड परत बसवल्यावर अनेकांना फरक पडतो. या दुसऱ्या ऑपरेशनलाही इन्फेक्शनचा, फिटचा धोका असतोच. तरी ते केवळ दिसण्यासाठी आहे असं समजून, खर्चापायी वर्षभर पुढे ढकलू नये; तारीख डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवावी.