बेल-एअर क्षयारोग्यधाम, पाचगणी

बेल-एअर हे सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होय. पुढे ते भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडे आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एचआयव्हीबाधितांवर उपचार करणारे रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘बेल-एअर’ या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘छान हवा’ असा आहे. ज्या काळी क्षयावर हवेखेरीज सांगण्याजोगे औषधच नव्हते, त्या काळचे हे नाव आहे.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर, वाईहून पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागते. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मध्ये जॉन चेसन या इंग्रजाने १८६० च्या सुमारास वसाहत उभी केली व तेथे सिल्व्हर ओकची झाडे लावली. महाबळेश्वर येथून २० किलोमीटरच्या आत आहे. पण त्याच्या पूर्वेला असल्यामुळे पाचगणीला पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. पूर्वी पावसाळा लागला की महाबळेश्वरचे बंगले गवताने शाकारून बंद करीत आणि माणसे खाली उतरत. पाचगणीत मात्र बारमाही राहता येई. येथे निवासी शाळा आणि आरोग्यधाम दोन्ही रुजले त्याचे मोठे कारण हेच आहे, कारण शाळेतल्या मुलालाही आणि क्षयाच्या रोग्यालाही चार महिन्यांसाठी घरी पाठवून चालत नाही.

बेल-एअर सुरू झाले तेव्हा सांसर्गिक रोगाचे रुग्णालय म्हटले की लोकांच्या अंगावर काटा येई. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढे सातारा-सांगलीकडेही पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरून रोगी हलवण्याचे अधिकार मिळाले. प्लेगच्या छावणीत नेलेले माणूस परत येत नाही अशी समजूत झाल्याने लोक रोगी माळ्यावर दडवीत, आणि उंदीर पडू लागले की अख्खे गाव रानात झोपड्या घालून राही. सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. या पार्श्वभूमीवर क्षयारोग्यधाम ही निराळीच गोष्ट होती. रोग संसर्गाचाच, रोग्याला वेगळे ठेवणेही तेच. पण येथे माणूस शिपायांच्या पहाऱ्यात नव्हे, तर आपल्या पायांनी, पदरचे पैसे मोजून आणि बरे होण्याच्या आशेने येत असे.

आरोग्यधामाची मूळ कल्पना जर्मन वैद्य हेर्मान ब्रेमर याची असून त्याने १८५४ मध्ये गोर्बर्सडॉर्फ येथे डोंगराळ भागात असे पहिले केंद्र काढले. मोकळी हवा, सकस अन्न आणि शिस्तीची विश्रांती यांनी फुप्फुसातला रोग आटोक्यात येतो, हे त्याचे म्हणणे होते. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले, त्यामुळे क्षय हा आनुवंशिक रोग नसून संसर्गजन्य आहे हे ठरले, तरी उपचारात फरक पडला नाही. जंतू सापडला होता, त्याला मारणारे औषध नव्हते. भारतात अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ मध्ये पहिले मोकळ्या हवेचे आरोग्यधाम निघाले. बेल-एअर त्याच पहिल्या पिढीतले.

मराठी घरांत या उपायाला ‘हवापालट’ म्हणत आणि क्षयाचे नाव शक्यतो उच्चारत नसत. वैद्यांच्या भाषेत तो राजयक्ष्मा होता, घरात नुसते ‘छातीचे दुखणे’. घरात एकाला क्षय झाल्याचे फुटले तर भावंडांची लग्ने अडत, म्हणून ‘पाचगणीला हवापालटासाठी गेले आहेत’ हे वाक्य सोयीचे पडे. ते ऐकणाऱ्याला काय समजायचे ते समजतच असे. पुण्या-मुंबईचा रोगी आगगाडीने वाठार स्टेशनवर उतरे आणि तेथून वाईमार्गे घाट चढे.

आरोग्यधामातला दिवस घड्याळाला बांधलेला असे. खाट लांब व्हरांड्यात, उघड्या बाजूला पाय करून मांडलेली. थंडीतही अंगावर घोंगडी वाढवायची, पण खिडकी लावायची नाही, हा दंडक. सकाळ-संध्याकाळ जिभेखाली थर्मामीटर धरून ताप पाहायचा व उशाशी टांगलेल्या तक्त्यावर ठिपका मांडायचा. या ठिपक्यांची रेघ हेच रोग्याचे सारे भवितव्य असे. संध्याकाळचा ताप आठवडाभर चढला नाही तर उठून बसण्याची, मग खोलीत चालण्याची, मग आवारात फेरी मारण्याची परवानगी मिळे आणि एका दिवशी जरी पारा वर गेला तरी पुन्हा खाटेवर. आठवड्याला वजन करीत. दूध, अंडी, लोणी, कॉडलिव्हर तेल यांचा मारा चाले, आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी वाचायला किंवा बोलायलाही बंदी असे. प्रत्येकाजवळ झाकणाची थुंकदाणी असे. तिच्यात जंतुनाशक घातलेले असे आणि थुंकी जाळून टाकीत. इतरत्र कुठेही थुंकणे हा सर्वांत मोठा गुन्हा मानला जाई. एरवी ज्या देशात चालता-बोलता थुंकतात तेथे ही एकच शिकवण घेऊन रोगी घरी परतला असता, तरी आरोग्यधामाचा खर्च निघाला असता.

विश्रांतीनेही न भागल्यास दुखऱ्या फुप्फुसालाच विश्रांती देण्याचे उपाय होते. इटलीतील कार्लो फोर्लानिनी याने सुचविलेल्या पद्धतीनुसार फासळ्यांमधून सुई घालून छातीच्या पोकळीत हवा भरत, म्हणजे फुप्फुस दबून रोगाने त्यात पडलेली पोकळी मिटे. ही हवा शोषली जाई, म्हणून काही दिवसांनी ती पुन्हा भरावी लागे आणि हा क्रम दोन-तीन वर्षे चाले. त्याहून कठीण प्रसंगी शस्त्रक्रिया करून काही फासळ्याच काढून टाकीत. रोगी वाचला तर एक खांदा कायमचा उतरलेला राही.

एवढा काळ कमाई सोडून राहणे कोणाला परवडे, हा आरोग्यधामांच्या इतिहासातला अवघड भाग आहे. सातारा जिल्ह्यातील हजारो पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला जात, एका खोलीत दहा-पंधरा जण राहत आणि खोकला घेऊन गावी परतत. त्यांच्या वाट्याला पाचगणी क्वचितच आली. त्यांचा हवापालट म्हणजे गावचे घर, आणि त्या घरातली लहान मुले. गरिबांसाठी दक्षिणेकडे मिरजेचा आधार होता. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाच्या कामात कुष्ठरोग व क्षय यांचीही भर पडली, आणि सांगली-मिरज रस्त्यावरील क्षयरोग रुग्णालयाच्या परिसराला वानलेसवाडी हे नाव मिळाले ते आजही चालते.

आरोग्यधामांचा काळ संपला तो औषधांमुळे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, पॅस (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) हे औषध त्यानंतर काही वर्षांत आले, तर १९५२ पासून आयसोनायझिड ही स्वस्त गोळी मिळू लागली. निर्णायक ठरला तो मद्रासमधला प्रयोग. १९५६ मध्ये तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले आणि १९३ रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतले रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले. घरी राहिलेल्यांचे जेवण निकृष्ट होते, विश्रांती कमी होती, तरीही. घरच्या माणसांना होणारी लागणही त्यामुळे वाढली नव्हती, कारण संसर्गाचा मुख्य धोका औषध सुरू होण्यापूर्वीच पोचलेला असतो. हवा, अन्न आणि विश्रांती या ज्या तीन गोष्टींवर शंभर वर्षे आरोग्यधाम उभे होते, त्या तिन्ही एका प्रयोगाने बाजूला सारल्या. १९६२ मध्ये आलेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरच्या घरी उपचार या तत्त्वावरच बेतलेला होता.

बेल-एअर मात्र बंद पडले नाही. १९९० च्या दशकात रेडक्रॉसच्या या रुग्णालयाची व्यवस्था कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाकडे आली आणि तेथे एचआयव्हीबाधितांना दाखल करून घेण्याचे काम वाढत गेले. या रोगाच्या वाटाही जवळच होत्या. मुंबई-बंगळूर महामार्ग सातारा जिल्ह्यातून जातो. नोकरीसाठी मुंबईला ये-जा करणारी माणसेही तीच, पूर्वी क्षय आणणारी. शेजारच्या सांगली जिल्ह्यात तर १९९२ पासून संग्राम ही संस्था देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या साथीने या रोगाविरुद्ध काम करू लागली होती. अनेक दवाखाने अशा रोग्याला हात लावायला तयार नसत, तेव्हा दाखल करून घेणे हाच अर्धा उपचार ठरे. सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास सुरुवात केल्यावर मरणाची वाट पाहण्याचे ठिकाण हे रूप बदलले. परिचारिकांचे शिक्षणही बेल-एअरच्या आवारात सुरू झाले.

या नव्या कामातून जुना रोग पुन्हा दारात आला, कारण एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या भारतीय रोग्याला सर्वाधिक गाठतो तो क्षयच. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या वॉर्डासाठी आजचे नियम सांगतात की खोलीतली हवा तासाला किमान १२ वेळा बदलली जावी, आणि यंत्रे नसतील तेथे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. व्हरांड्यातल्या खाटेपासून हे फार दूर नाही. फरक इतकाच की तेव्हा खिडकी रोग्याच्या फुप्फुसासाठी उघडत, आता ती शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी आणि परिचारिकेसाठी उघडतात.