राउटर पालथा करून बघा

"अरे, ते दुसरं सॉफ्टवेअर टाकलं की रेंज वाढते म्हणतात. तेवढं टाकून दे की," पंचवटीतले काका म्हणाले. वाडा जुना, भिंती हातभर जाड, राउटर खाली ओसरीत आणि नातू माडीवर बसून क्लास ऐकणार. मी काही न बोलता राउटर उचलून पालथा केला. "किंमत खाली नसते रे लिहिलेली," काका हसले.

रेंजचं आधी मिटवून टाकतो. राउटरनं किती ताकदीनं लहरी सोडायच्या याला कायद्याची मर्यादा आहे. ती कुणी ओलांडली, तरी वाय-फाय म्हणजे दोघांचं बोलणं असतं. राउटर माडीपर्यंत ओरडेल, पण मोबाइलचा इवलासा अँटेना तेवढ्या जोरानं उत्तर कसा देणार? मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. मध्ये दगडमातीची भिंत आली की विचारायलाच नको. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं ते सॉफ्टवेअर, बदलल्यानं भिंत पातळ होत नाही.

मग लोक हा उद्योग करतात तरी कशासाठी?

राउटर हा एक छोटा संगणकच असतो. प्रोसेसर, थोडी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी फ्लॅश मेमरी. ओपनडब्ल्यूआरटीसारखं फर्मवेअर त्या फ्लॅशमध्ये कसं बसतं ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीला बूटलोडर, म्हणजे वीज आल्यावर पहिल्यांदा जागं होणारा चिमुकला प्रोग्राम. मग लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा. मग दाबून बसवलेला, फक्त वाचता येणारा भाग आणि त्याच्यावर लिहिता येणारा एक थर. छापील पानावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीनं खुणा कराव्यात तसं. तुमचं वाय-फायचं नाव, पासवर्ड, सगळं बटर पेपरवर. रिसेटच्या भोकात टाचणी खुपसली की बटर पेपर फेकला जातो, खालचं पान तसंच राहतं. पर्यायी फर्मवेअर टाकणं म्हणजे ते छापील पानच बदलणं.

हे पान बदलता येतं, हे कळलं एका योगायोगानं. डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे पुढच्या वर्षी काही प्रोग्रामरांनी हुडकून काढलं. लिनक्सचा परवाना सांगतो की उपकरण विकलंत तर त्यातल्या लिनक्सचा सोर्स कोडही मागणाऱ्याला द्या. दबाव वाढला आणि २००३ मध्ये कोड खुला झाला. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या मॉडेलवरूनच आलेलं. गंमत पुढेच आहे. २००५ मध्ये त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीनं लिनक्स काढून टाकलं आणि मेमरी निम्मी केली. मग हौशी लोकांसाठी जुन्याच रचनेचा डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा काढला. डबा तोच, नाव जवळजवळ तेच, आतला संसार निराळा.

म्हणून मी राउटर पालथा करतो. खालच्या स्टिकरवर मॉडेलच्या पुढे 'व्हर्जन' किंवा नुसतं 'व्ही' लिहून एक आकडा असतो. तो आकडाच सगळं ठरवतो. आपल्याकडे घराघरात दिसलेला टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घ्या. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. तेराव्या आवृत्तीत वेगळी चिप आणि दुप्पट मेमरी. चौदाव्यात पुन्हा ४ आणि ३२. दुकानात तिन्ही खोकी सारखीच दिसतील. ४/३२ वाल्या राउटरना ओपनडब्ल्यूआरटीनं १९.०७ या मालिकेनंतर सोडून दिलं आणि त्या मालिकेचं शेवटचं अपडेट २०२२ मध्ये आलं. आज नवीन घ्यायचा असेल तर १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली मी जाणार नाही.

दुसरी गोष्ट चिपची. मीडियाटेकच्या बऱ्याच वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्राम, खुले आहेत, लिनक्समध्येच येतात. ब्रॉडकॉमचे बंद असतात, त्यामुळे तिथे ओपनडब्ल्यूआरटीचं वाय-फाय लंगडतं. ब्रॉडकॉमवाल्यांसाठी फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी बघावं. असुसचा राउटर असेल तर मर्लिन. ते कंपनीच्याच कोडवर उभं आहे, वापरायला सोपं आहे आणि नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. थोडक्यात, फर्मवेअर आपण निवडत नाही, चिप निवडते.

आता पर्यायी फर्मवेअरच्या मुख्य फायद्याकडे येतो. जाहिरातीत तो कधीच दिसत नाही. तुमच्याकडे शंभर एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्ट छान येते, पण घरात कुणी लग्नाचा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागलं की तुमच्या कॉलमध्ये आवाज तुटतो. पुराचं पाणी किती चढलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतात, तसं इथे पिंगकडे, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेकडे, पाहायचं. एरवी दहा-पंधरा मिलिसेकंद असणारा पिंग अशा वेळी काहीशेवर जातो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याला २०१० मध्ये स्वतःच्या घरी हाच त्रास झाला आणि त्यानं तो लोकांसमोर मांडला.

कारण मिसळीच्या रांगेवरून लगेच कळेल. रविवारी सकाळी मिसळवाल्यानं बाहेर मोठा मांडव टाकला, भरपूर खुर्च्या ठेवल्या. येणाऱ्याला वाटतं, बसायला जागा आहे, थांबू. 'आता नंबर संपले' असं कुणी म्हणतच नाही, म्हणून लोक येतच राहतात आणि आत टेबलं तेवढीच. मांडव लहान असता तर चार जण परत गेले असते, त्यांनी मित्रांना फोन केला असता, गर्दी आपोआप आवरली असती. इंटरनेटवरचा टीसीपी हा प्रोटोकॉल सर्वसाधारणपणे असाच वागतो. पाठवलेलं पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वाटेत गळालं की तो समजतो, पुढे गर्दी आहे, हात आखडता घ्या. मेमरी स्वस्त झाली, उपकरणांत मोठमोठे मांडव आले, पाकिटं गळेनात, गर्दीची बातमी मागे पोचेना. त्यात तुमच्या कॉलचं चिमूटभर पाकीट व्हिडिओच्या हजारो पाकिटांमागे ताटकळतं, जसा फक्त दोन पाव न्यायला आलेला माणूस वीस जणांच्या ग्रुपमागे.

यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती बघतच नाही. पाकीट रांगेत किती वेळ उभं राहिलं हे बघते. शंभर मिलिसेकंदांच्या खिडकीत ती थांबण्याची वेळ एकदाही पाच मिलिसेकंदांखाली आली नाही, तर एखादं पाकीट मुद्दाम गाळते. बातमी मागे पोचते. त्याला जोडून प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग दिली की झाला एफक्यू-कोडेल, म्हणजे पार्सलवाल्यांची रांग वेगळी. पुढे केक नावाची सुधारित आवृत्ती लिनक्समध्ये २०१८ ला आली. ओपनडब्ल्यूआरटीत 'एसक्यूएम' या नावाखाली हे सगळं मिळतं.

एक चलाखी मात्र करावी लागते. खरी रांग बऱ्याचदा तुमच्या राउटरमध्ये नसते, ती केबलवाल्यानं बसवलेल्या फायबरच्या डब्यात किंवा त्याच्याही पलीकडे असते. म्हणून एसक्यूएममध्ये वेग मुद्दाम थोडा कमी लिहायचा. शंभरचं कनेक्शन असेल तर नव्वद. मग चिंचोळी जागा तुमच्या राउटरमध्ये येते आणि रांग तुमच्या ताब्यात. हे फुकट नाही. प्रत्येक पाकिटाला प्रोसेसरनं हात लावावा लागतो, त्यामुळे चिपमधली वेगवान वाट बंद ठेवावी लागते. स्वस्त राउटरवर पाचशे एमबीपीएसच्या कनेक्शनला एसक्यूएम लावलं तर राउटरच धापा टाकेल.

सुरक्षेचं कारणही खरं आहे. कंपनी नवं मॉडेल विकायच्या मागे लागते आणि जुन्याची अपडेट्स थांबतात. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घुसखोरानं ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं पोखरली, त्यात बहुतेक घरगुती नि छोट्या ऑफिसांतले राउटर होते. पण पर्यायी फर्मवेअर टाकून तीन वर्षं त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तर ते कंपनीच्या जुन्या फर्मवेअरइतकंच शिळं.

माझी फजिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरच्या घरी राउटरमध्ये नवी फाइल चढत होती, पट्टी अर्ध्यावर आली आणि वीज गेली. परत आली तेव्हा राउटरचा एकच दिवा पेटलेला, बाकी सामसूम. याला 'ब्रिक होणं' म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट, आणि त्या रात्री दोन्ही अर्थांनी वीट आला. बूटलोडर शाबूत होता म्हणून वाचलो. रिसेट दाबून धरत वीज दिली की तो केबलवरून एका ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या नावाची फाइल मागतो. लॅपटॉपला तो पत्ता देऊन फाइल पुढे ठेवली. सातव्या खेपेला दिवे लागले. तेव्हापासून राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस जोडल्याशिवाय मी फर्मवेअर चढवत नाही आणि उतरवलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे ती जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवल्याशिवाय तर नाहीच.

पहिल्यांदा टाकणाऱ्यांना दोन धक्के बसतात. ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर वाय-फाय सहसा बंदच असतं, लॅनची केबल जोडून आत शिरावं लागतं. आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. फायबरच्या डब्याचाही तोच असला, तर दोघे एकाच घराचे मालक असल्यासारखे भांडतात आणि नेट येत नाही. राउटरचा पत्ता बदला, भांडण मिटतं. फायबरच्या डब्याच्या फर्मवेअरला मात्र हात लावू नका. तो कंपनीच्या यंत्रणेशी ओळख पटवून जोडलेला असतो. केबलवाल्याला सांगून तो ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता डेटा पुढे देण्याच्या कामावर, टाकून घ्या, पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या, आणि पुढचं काम आपल्या राउटरवर सोपवा.

काकांच्या स्टिकरवरचा आकडा मोबाइलवर शोधला. ४ आणि ३२. मी राउटर सुलटा करून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी एम. जी. रोडवरून वीस मीटर कॅट-६ केबल आणली, जिन्याच्या कडेनं वर नेली आणि माझ्याकडचा एक जुना राउटर माडीवर लावला. त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद केलं, लॅनमधून लॅनमध्ये जोडणी केली, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवला. नातवाचा क्लास सुरू झाला.

"म्हणजे सॉफ्टवेअर टाकलंच नाहीस?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

"मग काल पालथा कशाला केला होतास?"