मांजराची तहान आणि वाळूतली ढेकळं

घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा विसावा मजला असो की नेरूळमधलं सिडकोचं वन-रूम-किचन, मांजर असलेल्या घरात एक संवाद हमखास ऐकू येतो. "अगं, हिनं सकाळपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही." "मग थोडं दूध दे की!"

दुधाचा मुद्दा आधी निकालात काढू. पिल्लू मोठं झालं की त्याच्या आतड्यातलं लॅक्टेज हे विकर कमी होत जातं. दुधातली साखर मग पचत नाही, पोट बिघडतं आणि बऱ्याच मांजरांना जुलाब लागतात. म्हणजे पाणी वाढवायला गेलो आणि होतं तेही गेलं.

मांजराला तहान कमी का, याचं उत्तर त्याच्या पूर्वजांकडे आहे. आपली घरगुती मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातली, हे 2007 साली जनुकीय अभ्यासातून पक्कं झालं. हे रानमांजर कोरड्या मुलखातलं. तिथे पाणवठा शोधत हिंडण्यापेक्षा उंदीर पकडणं सोपं, आणि उंदराच्या शरीरात साधारण 70 टक्के पाणीच असतं. जेवण झालं की तहानही बरीचशी भागली. त्याला जोड म्हणून मूत्रपिंडं अशी तयार झाली की ती लघवीतलं पाणी परत खेचून घेतात आणि अगदी दाट लघवी बाहेर टाकतात. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर मांजरं समुद्राचं पाणी पिऊनही तग धरून राहिली होती. माणसाला हे जमत नाही. (वाशीच्या खाडीवर नेऊन कोणी प्रयोग करू नये.)

मांजराची पाणी पिण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. कुत्र्याची जीभ चमच्यासारखी वळून पाण्यात बुडते. मांजर तसं करत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे रोमन स्टॉकर आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं आणि 2010 साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत मांडलं. जिभेचं टोक मागे वळतं आणि पाण्याच्या पृष्ठभागाला नुसतं टेकतं. मग जीभ झटक्यात वर जाते, तिच्याबरोबर पाण्याचा बारीक खांब उभा राहतो, आणि तो कोसळायच्या आत मांजर तोंड मिटून वरचा घोट घेतं. सेकंदाला असं साधारण चारदा. दर खेपेला तोंडात जातं सुमारे 0.1 मिलिलिटर. चार किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला 200 मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. ते सगळं वाडग्यातूनच प्यायचं म्हटलं, तर आठेक मिनिटं सलग जीभ चालवावी लागेल. एवढा वेळ आपलं मांजर वाडग्यापाशी बसलेलं कोणी पाहिलंय?

ही उणीव अन्नानं भरून निघायला हवी, आणि तिथेच घोटाळा होतो. कोरड्या खाद्याच्या दाण्यांत जेमतेम 10 टक्के पाणी. ओल्या खाद्यात, किंवा उकडलेल्या चिकनमध्ये, 70 टक्क्यांच्या वर. दाणे खाणारी मांजरं वाडग्यातलं पाणी जास्त पितात हे खरं, पण एकूण हिशेबात ती मागेच राहतात. लघवी आणखी दाट होते, तिच्यातले क्षार स्फटिक धरतात. दाणे वाईट असं मी म्हणत नाही. ऑफिसच्या वेळा सांभाळणाऱ्या घरात ते सोयीचे आहेत, आणि चांगल्या कंपनीच्या दाण्यांत मांजराला अत्यावश्यक असलेलं टॉरिन हे पोषक द्रव्यही असतं, जे दूधभातात मिळत नाही. पण रोज एक जेवण तरी ओलं असावं, किंवा दाण्यांवर कोमट पाणी घालावं. चिकनचं पाणी चालेल, मात्र बिनकांद्याचं, बिनलसणीचं आणि बिनमिठाचं. कांदा-लसणीनं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे आपल्या ताटातला रस्सा बाद. सुकट आणि सुके बोंबीलही मिठामुळे नकोतच.

आता बोक्यांबद्दल, कारण इथे खरंच जीव जातो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. स्फटिक आणि चिकट द्रव्य यांचा बोळा तिथे अडकला की लघवी तुंबते. बोका वारंवार वाळूच्या पेटीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि बाहेर एखादा थेंब, नाहीतर काहीच नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. मग एरंडेल आणण्यात रात्र जाते. इकडे रक्तात पोटॅशियम चढत जातं, हृदयाची लय बिघडते, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपू शकतं. असा बोका दिसला की सकाळची वाट बघू नये. रात्री उघडा असणारा दवाखाना आपल्या भागात कुठला, हे आधीच विचारून फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवावा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतं, पण माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून तिथवर पोचणं वेगळी गोष्ट.

गंमत म्हणजे लघवीचा त्रास असलेल्या तरुण मांजरांपैकी बऱ्याच जणांच्या मूत्राशयात ना खडा सापडतो ना जंतू. नुसता दाह. ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी अशा मांजरांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या गटाच्या 2011 सालच्या अभ्यासात दिसलं, की जेवणाच्या वेळा किंवा सांभाळणारी माणसं बदलली की आजारी मांजरंच काय, धडधाकट मांजरंही ओकायला लागतात, जेवण टाकतात, वाळूबाहेर घाण करतात. मांजराचा ताण आणि त्याचं मूत्राशय यांचा असा थेट संबंध आहे.

आता नौपाड्यातल्या एखाद्या सोसायटीचा विचार करा. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट, वरच्या घरात टाइल्स फोडणं, गणपतीत पाहुण्यांची रीघ आणि खाली ढोल-ताशा. मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, त्यामुळे ड्रिल त्याच्या दृष्टीनं आणखी वाईट. हे आपण थांबवू शकत नाही. पण आतल्या खोलीत कपाटावर एखादी जागा, तोंड आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, जेवणाची ठरलेली वेळ आणि जेवणाआधी दोरीमागे पळवण्याची दहा मिनिटं, एवढं हातात असतं. खिडकीत बसायला मिळालं तर उत्तमच, फक्त जाळी पक्की हवी.

वाळूची पेटी बहुतेक घरांत ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून असते. मांजर आत बसलंय आणि तेवढ्यात मशीन स्पिनवर गेलं, की ते उडी मारून पळतं आणि पुढच्या वेळी सोफ्यामागचा कोपरा शोधतं. त्यावरून त्याला ओरडू नये, पेटी हलवावी. मांजर आत वळू शकेल एवढी मोठी, बिनवासाची बारीक वाळू, रोज साफ. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक पेटी जास्त असा नियम आहे. आपल्या घरांच्या आकारात तो दर वेळी जमत नाही, पण दोन मांजरांना दोन तरी द्याव्यात. पाण्याचे वाडगे पेटीपासून आणि जेवणापासूनही लांब, दोन-तीन ठिकाणी, पसरट. बादलीतलं पाणी अनेकांना आवडतं, प्यायला हरकत नाही. फक्त फिनेलची बादली उघडी नको. फिनॉल वर्गातली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, त्यामुळे फिनेलनं पुसलेल्या फरशीवर चालून पंजे चाटणंही त्याला बाधतं. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला घातक ठरते, तीही बरीचशी यकृताच्या याच उणिवेमुळे.

वाळू साफ करताना लघवीनं बनलेल्या ढेकळांकडे बघायची सवय मात्र लावून घ्यावी. रोज साधारण किती निघतात, केवढी असतात, हे आठवडाभरात डोळ्यांत बसतं. ढेकळं अचानक सुपारीएवढी आणि पुष्कळ झाली तर मूत्राशय कुरकुरतंय. उलट, दहा-बारा वर्षांची मांजरी, जी कधी पाण्याकडे ढुंकून बघत नव्हती, ती वाडगा रिकामा करू लागली आणि ढेकळं मुठीएवढी झाली, तर "चला, पाणी प्यायला लागली एकदाची" म्हणून खूश होऊ नका. मूत्रपिंडांचा दोन तृतीयांश भाग कामातून गेल्यावर लघवी दाट करण्याची ताकद जाते. मधुमेहात आणि थायरॉइड वाढल्यावरही असंच दिसतं. रक्त आणि लघवी तपासली की तिन्हींपैकी काय ते कळतं, आणि लवकर कळलं तर आहार व औषधांवर अशा मांजरी पुढे बरीच वर्षंही काढतात.