नागीण अर्ध्या अंगावरच का थांबते?

घरात कुणाला नागीण झाली की एखादी आजी हमखास बजावते, "तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, जुळली की माणूस हाती लागत नाही." ती सहसा जुळत नाहीच. पुरळ पाठीच्या कण्यापाशी उठतं, बरगडीच्या कडेने पुढे सरकतं आणि छातीच्या मध्यावर थांबतं. आजीची भीती खोटी, पण निरीक्षण अचूक.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो संवेदी चेतापेशींत दबा धरून बसतो. कामानुसार चेतापेशी तीन जातींच्या: बातमी आणणाऱ्या संवेदी, स्नायूंना हुकूम देणाऱ्या प्रेरक आणि या दोघींच्या मध्ये बसणाऱ्या सहयोगी. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी बहुतेक या मधल्याच.

त्वचेच्या संवेदी पेशीची घडण मोठी गमतीची. तिचा मुख्य भाग, म्हणजे पेशीकाया, मज्जारज्जूत नसतोच. तो मणक्यांलगत डाव्या-उजव्या बाजूंना असलेल्या छोट्या गाठींत असतो. तिथून एकच देठ निघतो आणि लगेच त्याला दोन फाटे फुटतात, एक त्वचेकडे, दुसरा मज्जारज्जूकडे. गर्भात हे दोन तंतू वेगळे असतात, पुढे बुडाशी एक होतात. म्हणून नाव 'आभासी एकध्रुवीय'. पायाच्या अंगठ्याकडून येणारी अशी एकच पेशी मीटरभराहून लांब असू शकते. एका गाठीकडे अंगाच्या एकाच बाजूचा एक पट्टा. विषाणू जागा झाला की त्या गाठीतल्या तंतूंवरून त्वचेत उतरतो, आणि पट्टा संपतो तिथे नागीणही संपते.

पोलिओचा विषाणू नेमका दुसऱ्या जातीवर जातो. मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या प्रेरक पेशी त्याचं भक्ष्य. या बहुध्रुवीय: भोवती वृक्षिकांचा, म्हणजे फांद्यांसारख्या आखूड तंतूंचा पसारा आणि स्नायूपर्यंत गेलेला एक लांब अक्षतंतू, म्हणजे हुकूम बाहेर नेणारा तंतू. म्हणून पोलिओने लुळ्या पडलेल्या पायाला चिमटा काढला तर तो कळतो, फक्त पाय हलत नाही.

आकारावरून काम ओळखायला मात्र जाऊ नये. नाकातली वास टिपणारी पेशी द्विध्रुवीय, म्हणजे दोन टोकांना दोन तंतू असलेली, आणि संवेदी. डोळ्याच्या पडद्यातलीही एक द्विध्रुवीय, पण तिचं काम निव्वळ मधल्या दुव्याचं.

नागिणीच्या खपल्या पडून गेल्यावरही काहींना महिनोन्‌महिने आग होत राहते. त्वचा बरी झालेली असते, दुखावलेली असते ती चेतापेशी. बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून घरचे विचारतात, "आता कुठे दुखतंय?" सदऱ्याचं कापड घासलं तरी तो माणूस कळवळतो.