कॅन्सरची पॉलिसी: सही करण्याआधी

चाळीसगाव, पाचोरा, भडगाव या पट्ट्यातून आमच्या कार्यालयात कॅन्सर पॉलिसीची चौकशी करायला येणारे बहुतेक जण भावकीत कुणाला तरी हे दुखणं निघालं की मगच येतात. मनात भीती असते, घाई असते, आणि घाईत माणूस एकच विचारतो: हप्ता किती? हप्त्याचं शेवटी बघू.

घरात मेडिक्लेम आहे का, ते आधी सांगा. नसेल तर पहिल्यांदा मेडिक्लेमच घ्या. कॅन्सर पॉलिसी फक्त कॅन्सरचे पैसे देते. डेंग्यू झाला किंवा हार्टचं ऑपरेशन निघालं तर तिचा काही उपयोग नाही. रेशन कार्डावर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांचंही बघून घ्या. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात आणि कॅन्सरही त्यात आहे. घरातल्या सत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांचं आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता निघतं. हे बघून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही.

मग वेगळी कॅन्सर पॉलिसी कशाला? मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो. कॅन्सर पॉलिसी बिल मागत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टवर निदान पक्कं झालं आणि ते पॉलिसीतल्या व्याख्येत बसलं की ठरलेली रक्कम खात्यात येते. ती कशी खर्च होते ते परळच्या टाटा हॉस्पिटलला फेऱ्या मारलेल्या घराला विचारा. केमो बऱ्याचदा दर तीन आठवड्यांनी असते आणि सोबतीला एक माणूस लागतोच. हॉस्पिटलचा दाखला दिला तर रेल्वे स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं माफ करते. पण दादरला उतरल्यावरची टॅक्सी आहे, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत नंबर लागेपर्यंतचं लॉज आहे. इकडे कपाशी वेचायला मजूर लावावे लागतात, दुकान बंद असतं, म्हशीचं दूध काढायला कुणीतरी ठेवावं लागतं. यातलं एकही बिल मेडिक्लेमवाले पास करत नाहीत.

आता कागदाकडे. 'दहा लाखांची पॉलिसी' म्हणजे निदान झालं की दहा लाख, असं नसतं. बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीच्या टप्प्यावरच्या कॅन्सरला २५ टक्के, म्हणजे अडीच लाख मिळतात. पुढच्या टप्प्यावर गेला तर उरलेले साडेसात. त्वचेच्या काही कॅन्सरना बहुधा काहीच मिळत नाही. गुटख्याने तोंड उघडेनासं होतं, ते दुखणं कॅन्सरच्या आधीचं समजलं जातं, म्हणून त्यालाही पैसे नाहीत. काही कंपन्या निदानानंतर ठराविक दिवस पेशंट जिवंत असण्याची अट घालतात. व्याख्यांचं पान आम्ही मराठीत समजावून सांगतो, कंटाळा करू नका.

प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावर क्लेम न मिळण्याचे पहिले दिवस, साधारण ९० किंवा १८० दिवसांचा असतो. फसगत होते ती इथे. त्या दिवसांत निदान झालं तरच क्लेम हातचा जातो, असं लोकांना वाटतं. बऱ्याच पॉलिसींत लक्षण दिसलं तरी जातो. पॉलिसीला सात महिने झालेत, बायोप्सीही आत्ताचीच, पण पहिल्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय 'गाठ आठ महिन्यांपासून'. कंपनी त्या एका ओळीवर बोट ठेवते. डॉक्टरांना अंदाजे काही सांगू नका, आठवून नेमकं सांगा. आणि गाठ आधीच लागत असेल तर पॉलिसीच्या नादात तपासणी लांबवू नका. तेवढ्यासाठी आम्ही पॉलिसी विकणार नाही.

तंबाखूच्या रकान्याबद्दल मात्र आम्ही हटून बसतो, कारण एकदा चूक आमच्याच टेबलावर झाली. ग्राहकाला विचारलं तर म्हणे, "कधीमधीच खास मी, भाऊ." म्हणजे कधीतरीच खातो. आमच्या माणसाने 'नाही'वर खूण केली. पुढे जबड्याचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलच्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं: तंबाखू, वीस वर्षं. क्लेम नामंजूर झाला आणि त्या घराला तोंड दाखवायला आम्हाला जड गेलं. तेव्हापासून पुडी, गुटखा, मशेरी, बिडी, किती आणि किती वर्षं, सगळं लिहिल्याशिवाय आम्ही फॉर्म पुढे पाठवत नाही. हप्ता वाढेल, एखादी कंपनी नकारही देईल. देऊ दे. आरोग्य विम्यात ६० महिने सलग झाले की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून सुटत नाही. 'पाच वर्षं काढा, मग बिनधास्त' असं सांगणाऱ्यापासून दूर राहा.

आणखी एक खटकतं. पॉलिसी कर्त्या माणसाच्या नावावर निघते, वहिनींचं नाव राहून जातं. बायकांत स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरच सगळ्यात जास्त दिसतो.

हप्त्याचं आता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे १८ टक्के धरलेलं जुनं कोटेशन फेकून द्या. हप्ता किती वर्षं तोच राहणार, हे लेखी घ्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. रकमेतून थोडी वजावट होते. क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही. अर्ज आम्ही लिहून देतो.

येताना आधार, जुनी मेडिक्लेम असेल तर ती आणि दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या आणा. फॉर्म भरायला स्वतः या, मुलाला पाठवू नका. बाप दिवसाला किती पुड्या खातो, हे मुलाला विचारून उपयोग नसतो.