सीरियल कन्सोल : सिंगल बोर्ड कॉम्प्युटरला केबल जोडणे

सिंगल बोर्ड कॉम्प्युटरच्या, म्हणजे एकाच पाटीवर बसवलेल्या छोट्या संगणकाच्या, बूटलोडरशी (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमशी) आणि ऑपरेटिंग सिस्टिमशी मोजक्या तारांवरून, एकामागून एक जाणाऱ्या बिटांच्या रूपाने संवाद साधण्याच्या व्यवस्थेला सीरियल कन्सोल म्हणतात. बोर्डावरील पिना आणि दुसऱ्या संगणकाचे यूएसबी पोर्ट यांना जोडणारी केबल ही या व्यवस्थेची एकमेव सामग्री होय. पडद्यावर चित्र उमटण्यासाठी आणि नेटवर्कवरून लॉग-इन करण्यासाठी बोर्डाची बरीच तयारी आधी पूर्ण व्हावी लागते. सीरियल पोर्ट मात्र बूटलोडर चालू होताच बोलू लागते. मेमरी कार्डावरील फाइल सिस्टिम खराब झाली तर नेटवर्कवरून केवळ जोडणी होत नसल्याचे कळते, पण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नेमका कोणत्या ओळीवर थांबला हे सीरियल कन्सोलवर वाचता येते. त्यामुळे बोर्ड नीट चालत असतानाच ही केबल एकदा लावून पाहिलेली असावी.

या पद्धतीचे मूळ टेलिटाइप यंत्रांत, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या व छापणाऱ्या टंकयंत्रांत, आहे. लिनक्समध्ये टर्मिनलला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात ते त्यावरूनच. अमेरिकेत १९६० साली निघालेल्या आरएस-२३२ या मानकाने अशा यंत्रांच्या जोडणीला ठरावीक रूप दिले. बिट पाठवण्याची पद्धत तीच राहिली असली तरी विद्युतदाब बदलले आहेत, आणि नवख्या माणसाच्या हातून होणारे नुकसान बहुधा येथेच होते. आरएस-२३२ मध्ये संदेश उणे व अधिक ३ ते १५ व्होल्टांच्या पट्ट्यात असतात, तर रास्पबेरी पायसारख्या बोर्डाच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सहन करतात. जुन्या संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टातून थेट तार आणली, किंवा यूएसबीचे सीरियलमध्ये रूपांतर करणारा पण ५ व्होल्टांचे संदेश देणारा अडॅप्टर लावला, तर प्रोसेसरची पिन कायमची निकामी होऊ शकते. म्हणून केबल घेताना तिचे संदेश ३.३ व्होल्टांचे आहेत याची खात्री करणे ही पहिली अट आहे. एफटीडीआय कंपनीच्या ३.३ व्होल्टांच्या प्रसिद्ध केबलमध्येही लाल तारेवर यूएसबीचे ५ व्होल्टच असतात. केबलच्या नावातील आकडा संदेशांच्या तारांपुरता आहे.

प्रत्यक्ष जोडणी ४० पिना असलेल्या रास्पबेरी पायवर चांगली समजते. पिनांच्या दोन रांगांपैकी बोर्डाच्या कडेची रांग पाहावी आणि मेमरी कार्डाच्या बाजूच्या टोकापासून मोजावे. पहिल्या दोन पिना, म्हणजे क्रमांक २ व ४, ५ व्होल्टांच्या आहेत. तिसरी, क्रमांक ६, ग्राउंड, म्हणजे दोन्ही बाजूंचा सामाईक शून्य व्होल्ट. चौथी, क्रमांक ८, बोर्डाकडून बाहेर पाठवण्याची. आणि पाचवी, क्रमांक १०, आत घेण्याची. लाल, काळी, पांढरी व हिरवी अशा चार सुट्या तारांची जी केबल सर्रास मिळते, तिची काळी तार ६ वर, पांढरी ८ वर आणि हिरवी १० वर बसवतात. पांढरी तार केबलच्या बाजूने ऐकणारी आणि हिरवी बोलणारी असल्यामुळे एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला लागते. पाठवणारी पिन पाठवणारीला जोडली तर दोन्ही बाजू बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. तारांचे रंग सर्व उत्पादकांचे सारखे नसतात (एफटीडीआयच्या केबलमध्ये पाठवणारी तार नारिंगी व घेणारी पिवळी असते), म्हणून रंगावर न विसंबता केबलसोबतची माहिती वाचावी. बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा असेल तर लाल तार मोकळी ठेवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळणे इष्ट. ग्राउंडची तार सर्वांत आधी आणि बोर्डाची वीज बंद असताना लावावी.

विद्युतदाब जुळला की वेग जुळवावा लागतो. बहुतेक बोर्डांवर तो सेकंदाला १,१५,२०० बिट असतो. प्रत्येक अक्षरामागे एक आरंभ बिट, आठ माहितीचे आणि एक समाप्ती बिट, असे दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० अक्षरे. एका बिटाच्या वाट्याला सुमारे ८.७ मायक्रोसेकंद येतात आणि दोन्ही बाजूंना सामाईक घड्याळ नसल्यामुळे प्रत्येकीला हा काळ स्वतःच मोजावा लागतो. रॉकचिप प्रोसेसरच्या अनेक बोर्डांवर वेग १५,००,००० असतो आणि मूळ सीपी२१०२ चिपचे अडॅप्टर तेथवर पोहोचत नाहीत.

रास्पबेरी पाय ३ पासून आणखी एक अडचण आली. चांगल्या प्रतीचे सीरियल पोर्ट ब्लूटूथला दिले गेले आणि पिनांच्या वाट्याला लहान पोर्ट आले, ज्याचा वेग प्रोसेसरच्या गाभ्याच्या घड्याळावर अवलंबून असतो. ते घड्याळ बदलले की अक्षरे बिघडतात. म्हणून मांडणीच्या फाइलमध्ये सीरियल पोर्ट चालू करणारी ओळ मुद्दाम लिहावी लागते, आणि त्याच ओळीने ते घड्याळही स्थिर होते. रास्पबेरी पाय ५ वर कन्सोलसाठी दोन एचडीएमआय पोर्टांच्या मध्ये तीन पिनांचा वेगळा कनेक्टर आहे. सवयीने ८ व १० क्रमांकाच्या पिनांवर तारा लावणाऱ्याला तेथे मूळ मांडणीत काहीच दिसत नाही.

लिनक्सवर केबल लावताच सहसा ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ या नावाचे उपकरण तयार होते आणि पिकोकॉम, मिनिकॉम किंवा स्क्रीन या प्रोग्रॅमने ते उघडता येते. डेबियनच्या कुळात वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल तर परवानगी नाकारली जाते.

दोष शोधताना पडद्यावर काय दिसते यावरूनच बहुतेक निदान होते. चित्रविचित्र अक्षरे दिसली तर वेग चुकलेला असतो किंवा ग्राउंडची तार सैल असते. काहीच दिसत नसेल तर आधी केबलच तपासावी : ती बोर्डावरून काढून तिच्याच पाठवणाऱ्या व घेणाऱ्या तारा एकमेकींना जोडाव्यात आणि कीबोर्डावर काही टाइप करावे; तीच अक्षरे उमटली तर केबल व प्रोग्रॅम निर्दोष असून शोध बोर्डाच्या बाजूला घ्यायला हवा. संदेश दिसतात पण टाइप केलेले पोहोचत नाही, हे मिनिकॉममध्ये वारंवार घडते. त्याचे कारण तारांत नसून हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारेवरून ‘आता पाठवा’ असा संकेत मिळेपर्यंत थांबण्याची व्यवस्था) चालू राहिल्यात असते. तीन तारांच्या जोडणीत तो संकेत देणारी तारच नसल्याने प्रोग्रॅम वाट पाहत बसतो. काही बोर्डांवर मुख्य वीज काढल्यानंतरही दिवा मंद पेटलेला दिसतो. केबलची पाठवणारी तार निष्क्रिय असतानाही ३.३ व्होल्टांवर असते आणि तिच्यातून प्रोसेसरमध्ये थोडी वीज झिरपते. असा बोर्ड पुन्हा नीट सुरू होत नाही, तेव्हा ती तारही क्षणभर काढावी लागते.

यू-बूट हा बूटलोडर असलेल्या बोर्डांवर सुरुवातीचे काही सेकंद उलटी मोजणी दिसते. तेवढ्यात एखादी कळ दाबली तर बूटलोडरच्या आज्ञा देता येतात, कर्नल नेटवर्कवरून घेता येतो किंवा पासवर्ड न विचारणारे शेल (ऑपरेटिंग सिस्टिमला आज्ञा देण्याचा प्रोग्रॅम) उघडता येते. दुरुस्तीत अत्यंत उपयोगी असलेली हीच सोय विक्रीसाठी बनवलेल्या उपकरणात धोक्याची ठरते, कारण आवरण उघडून तीन पिनांपर्यंत पोहोचलेल्या कोणालाही पूर्ण ताबा मिळू शकतो. म्हणून अशा उपकरणांत बूटलोडरची प्रतीक्षा शून्यावर आणतात किंवा कन्सोलच बंद करतात.